घानातली सोलर, वीज धोरण आणि गुंतवणूक: सारखे येणारे प्रश्न

पश्चिम आफ्रिकेत सोलरचं काम करायचं म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यात पहिलं नाव घानाचं येतं, इंग्रजी चालतं, लोकशाही आहे, सरकारं मतदानानं बदलतात. त्यामुळे प्रश्नही तिथलेच जास्त येतात. तेच ते उत्तर परत परत लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी टाकतोय. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. घानात वीज मुळात येते कुठून? सोलर किती आहे?

बरीचशी गॅसवर चालणाऱ्या थर्मल प्लांटमधून, आणि साधारण एक तृतीयांश धरणांमधून. धरणांत सगळ्यात मोठं अकोसोंबो, व्होल्टा नदीवरचं, पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या काळात बांधलेलं, आज त्याची क्षमता १,०२० मेगावॅट. त्याच्या खाली क्पोंग, आणि २०१३ मध्ये चीनच्या कर्जातून झालेलं ४०० मेगावॅटचं बुई. सोलर मात्र अजून फारच थोडी आहे, एकूण विजेत तिचा वाटा एखाद-दोन टक्क्यांच्या घरात. नाव्रोंगोचा २.५ मेगावॅट (२०१३), गोमोआ ओन्याडझे इथले बीएक्ससी आणि मायनर्जी या दोन खाजगी कंपन्यांचे २०-२० मेगावॅट, वायव्येला लावरा आणि कालेओ, आणि बुई धरणाच्या आवारातला ५० मेगावॅट, मोठी नावं म्हणजे साधारण एवढीच. ऊन भरपूर असलेल्या देशात हे इतकं कमी का, याचं उत्तर प्रश्न ४ ते ७ मध्ये आहे आणि ते उन्हाशी संबंधित नाहीये.

२. व्हीआरए, ग्रिडको, ईसीजी, पीयूआरसी... कोण काय करतं, एकदा नीट सांगा ना

व्होल्टा रिव्हर अथॉरिटी म्हणजे व्हीआरए, ही सरकारी, वीज तयार करते. तिच्याबरोबर बुई पॉवर अथॉरिटी आणि खाजगी प्लांटवाले. ग्रिडको ही मोठ्या लाइन सांभाळते. घरोघर, दुकानात, कारखान्यात वीज पोचवून बिल वसूल करायचं काम दक्षिणेत ईसीजीचं (इलेक्ट्रिसिटी कंपनी ऑफ घाना) आणि उत्तरेत नेडकोचं. लायसन्स देतं एनर्जी कमिशन आणि दर ठरवतं पीयूआरसी, दोन्ही १९९७ च्या कायद्यांनी झालेल्या वेगवेगळ्या संस्था आहेत, लोक या दोघांत नेहमी गोंधळतात. मंत्रालयाचं नाव २०२५ पासून ऊर्जा आणि हरित संक्रमण असं झालंय.

या सगळ्यात ईसीजी लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. पैसा तिथूनच आत येतो.

३. डमसोर म्हणजे काय? ते संपलं का?

लोड शेडिंगला घानातले लोक हे म्हणतात, वीज जाते आणि येते असा अर्थ. २०१२ ते २०१६ हा त्याचा सगळ्यात वाईट काळ. ऑगस्ट २०१२ मध्ये नायजेरियाहून येणारी समुद्राखालची गॅस पाइपलाइन टोगोजवळ एका जहाजाच्या नांगरानं तुटली आणि कित्येक महिने गॅस बंद राहिला, पुढे अकोसोंबोचं पाणीही खाली गेलं, आणि प्लांटवाल्यांना इंधनासाठी द्यायला पैसे नाहीत, असं एकावर एक येत गेलं. शिंपी, सलूनवाले, कोल्ड स्टोअरवाल्या बायका, वेल्डिंगवाले, यांचे धंदे बुडाले. घानातल्या कुठल्याही अधिकाऱ्याशी विजेवर बोलताना हे मनात असू द्या, कारण नंतरचे सगळे चांगले-वाईट निर्णय याच भीतीतून झालेत. संपलं का, तर तेवढं वाईट परत झालं नाही पण २०२४ मध्येही लोक टाइमटेबल द्या म्हणून ओरडत होते.

४. क्षमता गरजेपेक्षा दुप्पट आहे असं वाचलं. मग वीज जाते कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबलं तरी चालेल. डमसोरच्या घाईत सरकारनं जो येईल त्याच्याशी वीज खरेदीचे करार केले, बरेचसे टेंडर न काढता. तुर्कीचं वीज बनवणारं जहाज आलं, अमेरी नावाच्या कंपनीबरोबर २५० मेगावॅटचा करार झाला ज्यावर नंतर प्रचंड वाद झाला, आणि अजून बरेच. बहुतेक करारांत अट अशी की वीज घ्या किंवा घेऊ नका, क्षमता तयार ठेवलीये तर तिचे पैसे द्यायचे, आणि तेही डॉलरच्या हिशोबात. २०१९ मध्ये अर्थमंत्री केन ओफोरी-अट्टा यांनी संसदेत सांगितलं की बसवलेली क्षमता ५,००० मेगावॅटच्या वर आहे आणि सर्वाधिक मागणी २,७०० च्या आसपास, आणि न वापरलेल्या विजेपायी देश वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त देतोय.

दाभोळ आठवत असेल तर हे लगेच समजेल. एन्रॉनच्या वेळी आपल्या वीज मंडळाचं जे झालं तेच, फक्त एका प्लांटऐवजी अख्ख्या देशाचं.

आणि वीज तरीही का जाते, तर प्लांट उभा असणं वेगळं आणि त्यात गॅस असणं वेगळं. गॅसचे पैसे थकले की प्लांट बंद. शिवाय ट्रान्सफॉर्मर आणि लोकल लाइन जुन्या आहेत, तिथं ओव्हरलोड होऊन जाते ती वेगळीच. म्हणजे क्षमता आहे, इंधनाला पैसे नाहीत, तारा कमकुवत आहेत, आणि यातल्या कुठल्याही गोष्टीवर अजून एक मोठा प्लांट हे उत्तर नाही. सोलरवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही पण सरकारनं २०१९ नंतर नवीन करारांना ब्रेक लावला तो यामुळे, आणि माझ्या मते बरोबरच लावला.

५. रिन्यूएबल एनर्जीचा कायदा आहे ना? त्यात फिक्स दर मिळतो असं ऐकलंय

कायदा २०११ चा, ॲक्ट ८३२. त्यात फीड-इन टॅरिफ होता, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरानं वीज विकत घ्यायची, २०१३ मध्ये दर जाहीर झाले आणि १० वर्षांसाठी धरायचे होते. पण १० वर्षांत कर्ज फिटेल असं बँकांना वाटेना. त्यात स्टोरेज नसलेल्या सोलरला ग्रिडवर २० मेगावॅटची मर्यादा घातली, वरचे दोन्ही खाजगी प्लांट बरोब्बर २० चे आहेत.

२०२० मध्ये कायदा बदलला, ॲक्ट १०४५. आता मोठ्या प्रकल्पांना फिक्स दर नाही, स्पर्धात्मक बोली. त्यामुळे जुने पीडीएफ वाचून कोणी तुम्हाला एक्सेल शीट बनवून दिली असेल तर ती बाजूला ठेवा. १० टक्के रिन्यूएबलचं टार्गेट आधी २०२० चं होतं ते २०३० वर गेलं. २०१९ च्या मास्टर प्लॅनमध्ये २०३० पर्यंत १,३६३ मेगावॅटचा आकडा आहे, आजची परिस्थिती प्रश्न १ मध्ये बघा आणि अंतर तुम्हीच मोजा.

६. आमच्याकडे ५० मेगावॅटचं प्रपोजल तयार आहे. सरकारला वीज विकता येईल का?

स्वतःहून प्रपोजल घेऊन मंत्रालयात जायचं असेल तर नाही. टेंडर निघेल तेव्हा भरा. एनर्जी कमिशनचं प्रोव्हिजनल लायसन्स मिळालं म्हणून लोक खूश होऊन फोटो टाकतात, पण ते फक्त पहिली पायरी आहे, पुढे जागेची परवानगी, मग बांधकामाची, मग ऑपरेटिंग लायसन्स, शिवाय पर्यावरण खात्याचं परमिट. प्रोव्हिजनलवाले ढीगभर झाले, प्लांट बोटावर मोजण्याइतके. सगळ्यात गाजलेलं उदाहरण एन्झेमाचं, २०१२ मध्ये १५५ मेगावॅटची घोषणा, आफ्रिकेतला मोठ्यात मोठा सोलर म्हणून जगभर बातम्या, आणि प्रत्यक्षात उभा राहिलाच नाही.

प्रकल्प रखडतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर, विकत घेणारा पैसे देईल याची खात्री काय? म्हणून पुढचा प्रश्न.

७. ईसीजी वेळेवर पैसे देते का?

नाही, निदान आजवरचा इतिहास तरी तसाच आहे. तिला मिळालेल्या विजेपैकी जवळपास ३० टक्के विजेचे पैसे येतच नाहीत, काही तारांत जाते, काही चोरीत, काही बिलच होत नाही. सरकारी ऑफिसांची थकबाकी वेगळी. जे काही जमा होतं त्यातून व्हीआरए, ग्रिडको, गॅसवाले, खाजगी प्लांट असे सगळे वाटा मागतात. २०२० पासून त्यासाठी कॅश वॉटरफॉल नावाची पद्धत आहे, कोणाला किती टक्के हे आधीच ठरलेलं, कागदावर चांगली. पण २०२३ मध्ये खाजगी प्लांटवाल्यांनी एकत्र येऊन थकबाकीपायी बंद करायची धमकी दिली होती, म्हणजे बघा.

खाजगीकरण करून बघितलं का असंही विचारतात. केलं. मार्च २०१९ मध्ये पीडीएस नावाच्या कंपनीकडे ईसीजीचं काम दिलं, तिनं दिलेल्या हमीपत्रांवर शंका आली आणि ऑक्टोबरमध्ये करार रद्द. त्यात अमेरिकी सरकारच्या एमसीसी या मदत संस्थेकडून यायचे १९ कोटी डॉलर गेले. ते पैसे याच तारा आणि मीटर सुधारायला होते, म्हणून मला ही गोष्ट अजूनही फार लागते.

८. पण सरकारनं हमी दिली तर काय टेन्शन?

दोन गोष्टी. एक, डिसेंबर २०२२ मध्ये घानानं स्वतःच परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले आणि मे २०२३ मध्ये आयएमएफचा ३ अब्ज डॉलरचा प्रोग्रॅम घेतला. त्यानंतर सरकारी हमीची किंमत काय ते बँकवाला तुम्हाला सांगेल. आयएमएफच्या अटींखाली नवीन हमी सहज मिळतही नाहीत.

दोन, हमी किंवा करार संसदेत मंजूर झालाय का? संविधानाच्या कलम १८१ प्रमाणे सरकारचा आंतरराष्ट्रीय व्यवहार असेल तर संसदेची मंजुरी लागते. बाल्कन एनर्जी या कंपनीच्या केसमध्ये २०१२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ओसाग्येफो बार्जचा (वीज बनवणारा तरंगता प्लांट) वीज करार हा आंतरराष्ट्रीय व्यवहार आहे आणि मंजुरीशिवाय चालणार नाही, कंपनी घानात रजिस्टर होती तरी! तिथल्या वकिलांना हे पाठ असतं, आपल्याकडच्या लोकांना माहीतच नसतं, मंत्र्याची सही झाली की काम झालं असं वाटतं.

उलट बाजूही आहे. जीपीजीसी या वीज कंपनीचा करार सरकारनं २०१८ मध्ये मोडला तर लंडनच्या लवादानं २०२१ मध्ये सरकारला सुमारे १३.४ कोटी डॉलर आणि वर व्याज द्यायला लावलं. म्हणजे करार पक्का असेल तर कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. पण आधी निकालाला वर्षं जातात, मग वसुलीला अजून, आणि तो पैसा शेवटी अशा लोकांच्या खिशातून जातो ज्यांनी त्यातली एक युनिट वीज वापरलेली नाही.

मोठ्या प्रकल्पांना वर्ल्ड बँकेची हमी हा मार्ग आहे, साँकोफा या समुद्रातल्या गॅस प्रकल्पाला २०१५ मध्ये तशी मिळाली होती. २०-३० मेगावॅटवाल्यांच्या हाताला ती सहसा लागत नाही.

९. परदेशी माणसानं कंपनी काढायला किती भांडवल लागतं?

जीआयपीसी म्हणजे घानाचं सरकारी गुंतवणूक केंद्र, त्याच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे (ॲक्ट ८६५) घानाचा पार्टनर असेल आणि त्याचा हिस्सा निदान १० टक्के असेल तर २ लाख डॉलर. पूर्ण मालकी तुमचीच तर ५ लाख. आणि नुसता माल आणून विकायचा असेल, म्हणजे ट्रेडिंग, तर १० लाख डॉलर आणि २० स्थानिक कुशल कामगार. इथेच लोक फसतात, पॅनेल-इन्व्हर्टर आणून विकू म्हणतात आणि स्वतःला सोलर कंपनी समजतात, पण कायद्याच्या नजरेत ते ट्रेडिंग ठरू शकतं. ही किमान भांडवलाची अट काढायची चर्चा २०२५ मध्ये सरकारी पातळीवर सुरू झालीये, त्यामुळे पैसे पाठवायच्या आधी त्या दिवशीचा नियम जीआयपीसीकडून लेखी घ्या.

याशिवाय वीज क्षेत्राला २०१७ चे लोकल कंटेंटचे (म्हणजे स्थानिक लोकांना आणि कंपन्यांना वाटा देण्याचे) वेगळे नियम आहेत आणि सोलर आयात करायला, बसवायलासुद्धा एनर्जी कमिशनचं लायसन्स लागतं.

१०. फ्री झोनमध्ये गेलो की १० वर्षं टॅक्स नाही, बरोबर?

फ्री झोन म्हणजे निर्यात करणाऱ्या कंपन्यांसाठीची सवलतीची व्यवस्था. १० वर्षांची सूट खरी आहे, पण निदान ७० टक्के माल निर्यात करायची अट आहे. ईसीजीला वीज विकणं निर्यात होत नाही. पॅनेल असेंब्ली करून शेजारच्या देशांत पाठवणार असाल तर विचार करण्यासारखं.

११. जमीन विकत घेऊ की भाड्यानं?

विकत मिळणारच नाही. परदेशी माणसाला मालकी देता येत नाही, जास्तीत जास्त ५० वर्षांची लीज, हे संविधानातच आहे.

खरा प्रश्न लीज कोणाकडून घ्यायची हा. देशातली सुमारे ८० टक्के जमीन पारंपरिक आहे, म्हणजे गावच्या प्रमुखाच्या गादीची, कुळाची किंवा कुटुंबाची. दक्षिणेत त्या गादीला स्टूल म्हणतात, उत्तरेत स्किन. प्रमुख हा मालक नाही, तो सगळ्यांच्या वतीनं सांभाळणारा, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या सहीनं भागत नाही, जाणत्या वडीलधाऱ्यांची संमती आणि लँड्स कमिशनची मंजुरी लागते. एकाच जमिनीवर दोन कुटुंबांचा हक्क किंवा गादीवरच वाद, हे नेहमीचं. जागेवर लँड गार्ड म्हणून दांडगी पोरं बसवायची पद्धत इतकी वाढली की २०१९ च्या एका कायद्यात त्यावरही बंदी घालावी लागली.

माझं म्हणणं एवढंच की जे त्या जमिनीवर आज मका, कसावा लावतायत त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून बोला. नुकसानभरपाई प्रमुखाला दिली म्हणजे शेतकऱ्याला मिळाली असं होत नाही. आणि त्यांना विश्वासात न घेता उभा केलेला प्लांट मी तरी क्लीन एनर्जी म्हणणार नाही.

१२. सेडी पडली तर आमचं काय?

सेडी म्हणजे घानाचं चलन. पडली की त्रास, चढली तरी थोडा वेगळा त्रास. डिसेंबर २०२२ मध्ये तिथं महागाई ५४.१ टक्के होती, सेडी कोसळली होती, आणि पीयूआरसीनं सप्टेंबर २०२२ पासून वीज २७ टक्के आणि फेब्रुवारी २०२३ पासून अजून जवळपास ३० टक्के महाग केली. मग २०२५ मध्ये सेडी जोरात वधारली. आता दर तीन महिन्यांनी दर तपासतात.

डॉलरमध्ये करार केला की धोका गेला असं समजू नका, तो फक्त गिऱ्हाइकाकडे सरकतो आणि त्याला झेपलं नाही की परत तुमच्याकडे येतो, थकबाकी होऊन. हे प्रश्न ७ मध्ये दिसलंच. जमेल तेवढा खर्च आणि कर्ज सेडीत ठेवा. लोकल बँकेचं व्याज बघून धडकी भरते हे मान्य.

१३. दादा, मग करायचं काय? छोट्या कंपनीनं कुठं शिरावं?

कारखान्याच्या छतावर. ईसीजीला न विकता थेट वापरणाऱ्यालाच विकायची. घानात कमी वीज वापरणाऱ्या घरांना दर कमी आणि दुकानं-ऑफिसं-हॉटेलांना चढा, त्यामुळे ज्यांचा दर जास्त त्यांना सोलर लगेच परवडते आणि डिझेल जनरेटरही कमी चालवावा लागतो. तेमा या बंदराच्या शहरातल्या फ्री झोनमध्ये १६.८ मेगावॅटचं छतावरचं सोलर झालंय, आयएफसीच्या (वर्ल्ड बँकेची खाजगी कंपन्यांना कर्ज देणारी शाखा) कर्जातून, एकाच छतावर एवढं आफ्रिकेत दुसरीकडे सापडणं अवघड. गिऱ्हाईक बघताना मात्र त्याचा ताळेबंद वाचा, आणि डॉलर कमावणारं असेल, निर्यातदार, खाणीवाला, तर उत्तम.

नेट मीटरिंग, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेणं, कायद्यात आहे, २०१५ च्या नियमावलीत २०० किलोवॅटपर्यंत, पण त्याच्या भरवशावर हिशोब बसवू नका, दिवसा जेवढी वापरली जाईल तेवढीच क्षमता टाका. आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या मदतीनं १२,००० नेट मीटरवाल्या सिस्टिम बसवायचा सरकारी कार्यक्रम आहे, बसवणाऱ्यांना त्यात काम मिळू शकतं.

एक गोष्ट मनाला खटकते ती सांगतो. चांगला दर देणारी गिऱ्हाइकं अशी सोलरवर गेली की ईसीजीकडे उरतात ती स्वस्त दराची घरं, आणि तिचा खड्डा अजून मोठा होतो. यामुळे उद्या सरकार छतावरच्या सोलरवर ग्रिडचा काही चार्ज लावेल ही शक्यता धरूनच करार लिहा.

१४. व्होल्टा सरोवरातल्या बेटांवर मिनी-ग्रिड टाकायचेत, लोकांना खरंच गरज आहे

गरज आहेच. मिनी-ग्रिड म्हणजे गावापुरती वेगळी छोटी वीज यंत्रणा. देशात जवळपास ९ घरांपैकी ८ घरांत वीज आहे, आफ्रिकेच्या मानानं हे फार मोठं काम आहे, १९८९ पासून चिकाटीनं केलेलं. उरलेत ते बेटांवरचे आणि आडबाजूचे. पेडियाटोर्कोपेसारख्या ठिकाणी वर्ल्ड बँकेच्या मदतीनं मिनी-ग्रिड झाले, प्रश्न १३ मधल्या आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या कार्यक्रमात अजून ३५ आहेत.

पण अडचण अशी की घानाचं धोरण इथं सरकारनंच चालवायचं, आणि दर राजधानी आक्रात जो तोच बेटावर. बेटावर वीज तयार करायचा खर्च कितीतरी जास्त, त्यामुळे खाजगीवाल्याला त्या दरात परवडत नाही. नायजेरियात उलटं आहे, तिथं मिनी-ग्रिडवाला खर्चाप्रमाणे दर लावू शकतो म्हणून गुंतवणूक तिकडे जास्त जाते. तरी मला घानाची भूमिका चुकीची वाटत नाही. ज्यांची गावं अकोसोंबोच्या पाण्याखाली गेली, सुमारे ८०,००० माणसं उठवली गेली, त्यांच्या नातवंडांनी त्याच सरोवरात राहून शहरापेक्षा महाग वीज का घ्यायची? तुम्ही बांधायचं आणि देखभालीचं कंत्राट घ्या, मालकी नको.

१५. एवढी धरणं आहेत म्हणजे घाना आधीच क्लीन आहे की

धोरणाच्या हिशोबात १०० मेगावॅटवरचा हायड्रो रिन्यूएबलच्या टार्गेटमध्ये धरत नाहीत, म्हणून १० टक्क्यांचा आकडा वेगळा. आणि धरणावर सगळा भार टाकायचे दोन धोके दिसलेत, पाऊस कमी झाला की प्रश्न ३, आणि जास्त झाला की २०२३. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अकोसोंबोतून पाणी सोडलं आणि खालच्या मेपे आणि आजूबाजूच्या गावांतले हजारो लोक बेघर झाले. बुईला जे केलंय, दिवसा सोलर चालवायची आणि पाणी संध्याकाळसाठी राखायचं, ते मला या देशासाठी सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. लाइन आणि सबस्टेशन आधीच तिथं आहे.

१६. नेट झीरो २०६० की २०७०? दोन्ही वाचलंय

नेट झीरो म्हणजे जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच परत शोषून घ्यायचा. दोन्ही कागद खरे आहेत. २०२२ च्या एनर्जी ट्रान्झिशन फ्रेमवर्कमध्ये २०७०, आणि सप्टेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये जाहीर केलेल्या गुंतवणूक आराखड्यात २०६०, ५५० अब्ज डॉलर लागतील अशा अंदाजासह. नवा तो धरा. पण कर्जाच्या पुनर्रचनेत अडकलेला देश स्वतःच्या तिजोरीतून हे करणार नाही.

१७. कार्बन क्रेडिटमधून वरचे पैसे सुटतील का?

कार्बन क्रेडिट म्हणजे प्रदूषण कमी केल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र. पैसे सुटू शकतात, आणि याबाबतीत घाना बऱ्याच देशांच्या पुढे आहे. स्वित्झर्लंडबरोबर २०२० मध्येच पॅरिस कराराच्या कलम ६ खाली (देशादेशांत क्रेडिट विकायची तरतूद) करार केला आणि सुधारित चुलींच्या प्रकल्पातली क्रेडिट २०२५ मध्ये तिकडे गेलीसुद्धा. पण यात सरकारचं अधिकृत पत्र लागतं, कारण विकलेलं क्रेडिट घानाला स्वतःच्या हिशोबात धरता येत नाही. देशाला जे स्वतःच्या पैशानं जमणारच आहे त्यासाठी ते पत्र द्यायला सरकार सहज तयार होणार नाही, आणि होऊही नये. ग्रिडवरच्या साध्या सोलरला त्यामुळे कठीण, चुली किंवा आडगावातल्या कामाला जास्त वाव. पत्र हातात येईपर्यंत क्रेडिटचा रुपया हिशोबात धरू नका, आणि क्रेडिटशिवाय प्रकल्प उभा राहत नसेल तर कर्जाची बोलणी त्या पत्रानंतरच सुरू करा.